कोथिंबिरीला घाई नको: ठाण्यातल्या बाल्कनीची पावसानंतरची कामं

ठाण्यात पाऊस थांबला की आधी घाम येतो. गारवा उगवायला पुढे महिनाभर लागतो. बाल्कनीतल्या बागेचं सगळं गणित या मधल्या महिन्यावर अवलंबून असतं आणि नेमका हाच महिना बहुतेकांचा चुकतो. गेटजवळच्या बाकांवर संध्याकाळी झाडांवरून गप्पा सुरू झाल्या की दर वर्षी तेच प्रश्न येतात. "काकू, तुमची मेथी उगवली?" "उगवली, पण आडवी झाली." "आमच्या धन्यांना तर कोंबच नाही फुटले." मग कोणीतरी मोबाइल काढून दिल्लीच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या बागवाल्याचा व्हिडिओ दाखवतं, की बघा, यांनी ऑक्टोबरात सगळं पेरलंय. बरोबरच आहे त्यांचं. पुण्यात ऑक्टोबर सरताना पहाटे चादर ओढावी लागते. आपल्याकडे त्या वेळी पंखा पाचावर असतो.

दुसरा घोळ सणांचा. "दसऱ्याला पेरलं की झालं" हे वाक्य कट्ट्यावर हमखास ऐकू येतं. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने तो २० ऑक्टोबरच्या सुमारास येतो. बियांना तिथी कळत नाही, तापमान कळतं. त्यापेक्षा सूर्यनक्षत्र, म्हणजे सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते, कामाचं, कारण ते सूर्याला बांधलेलं असतं. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतो आणि १०-११ ऑक्टोबरला संपून चित्रा सुरू होते. हवामान खात्याच्या हिशेबात मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे पंचांग आणि हवामान खातं इथे जवळपास एकाच दिवशी भेटतात. हस्त सरला की काम सुरू, असं धरून चाला. पण काम म्हणजे पेरणी नव्हे. पेरणी सर्वांत शेवटी येते.

आधी सोसायटीत एक चक्कर

कुंड्यांना हात लावण्याआधी एका रविवारी सकाळी खाली उतरा आणि आपली इमारत बाहेरून बघा. ऊन कुठे पडतंय, समोरच्या टॉवरची सावली कुठपर्यंत येतेय, आणि आपल्याच बाजूच्या कोणत्या बाल्कनीत काय छान वाढलंय. घोडबंदर रोडवर इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की चौथ्या मजल्यावर आणि चौदाव्या मजल्यावर दोन वेगळी हवामानं असतात. त्यामुळे त्याच बाजूच्या, साधारण त्याच उंचीवरच्या शेजाऱ्याला विचारणं हे कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी. सी विंगमधल्या काकूंचा टोमॅटो बघून ए विंगमधल्यांनी रोपं आणली तर नुसती पानं वाढण्याचीच शक्यता जास्त, कारण ऊनच वेगळं.

या दिवसांत ऊन जागा बदलतं, हे फार थोड्या जणांच्या लक्षात येतं. ठाणे साधारण १९.२ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा ऊन येतं आणि दक्षिणेच्या बाल्कनीत जवळपास येत नाही. २२-२३ सप्टेंबरनंतर पारडं पूर्ण फिरतं. सूर्य दक्षिणेकडे सरकत जातो आणि डिसेंबरात दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो. दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन मग पार आतल्या लादीपर्यंत पोचतं.

याचा अर्थ असा. दक्षिणमुखी घर असेल तर येणारे चार-पाच महिने तुमचे. टोमॅटो, वांगी, मिरची, झेंडू सगळं करा. उत्तरमुखी असेल तर आता फुलाफळांचा हट्ट सोडा. मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, फर्न यांना तीच जागा आवडते आणि फार तर थोडा पुदिना. पूर्वेच्या बाल्कनीत पालेभाजी उत्तम होते. पश्चिमेची बाल्कनी ऑक्टोबरात सगळ्यांत कठीण, कारण तीन ते सहाचं तिरपं ऊन थेट कुंडीच्या अंगावर पडतं आणि प्लास्टिकच्या काळ्या कुंडीत मुळं शिजतात.

नेमका अंदाज हवा असेल तर एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठला, बाराला आणि चारला बाल्कनीत डोकावून ऊन कुठे आहे तिथे खडूने रेघ मारा. पालेभाजीला रोज तीन-चार तास थेट ऊन पुरतं. टोमॅटो-वांग्याला सहा तास तरी लागतात. तेवढं नसेल तर रोपाचे पैसे वाचवा आणि त्या पैशांत टोमॅटो विकत घ्या, हे स्पष्टच सांगतो.

कुंडी उघडून बघायची

ठाण्यात पावसाळ्यात सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या कुंडीतून एवढं पाणी गेल्यावर आत काय उरत असेल? नत्र धुऊन जातं, माती दाबून बसते, वर हिरवं शेवाळ धरतं आणि खालची भोकं मुळांनी व गाळाने बुजतात. झाड वरून हिरवंगार दिसतं, म्हणून लोक फसतात. पहिल्या कडक उन्हाच्या आठवड्यात तेच झाड अचानक मान टाकतं, कारण वरची माती सिमेंटसारखी होते आणि पाणी कडेने उतरून थेट खाली निघून जातं.

तपासायची पद्धत सोपी. कुंडीत एक तांब्या पाणी सावकाश ओता. पाणी वरच तुंबून राहिलं तर माती दाबली गेली आहे. ओतल्या ओतल्या खालून धो धो आलं तर माती कुंडीच्या कडेपासून सुटली आहे. दोन्हीवर उपाय एकच: वरची दोन-तीन इंच माती खुरप्याने मोकळी करून काढा, मुळं जपून. तिच्या जागी निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि निम्मी नवी माती भरा. एक मूठ निंबोळी पेंड त्यातच मिसळा. भोकात खालून एक काडी घालून फिरवा. बऱ्याच कुंड्यांचं दुखणं एवढ्यानेच जातं.

ज्या कुंडीत भोकातून मुळं बाहेर आली आहेत किंवा दोन वर्षं माती बदललेली नाही, तिथे मात्र झाड बाहेर काढावंच लागतं. हे काम संध्याकाळी करा, आणि नंतर आठवडाभर झाड सावलीत ठेवा. मिश्रणासाठी चार भाग लाल माती, तीन भाग शेणखत, दोन भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग जाड वाळू हे प्रमाण आपल्या दमट हवेला मानवतं. नुसत्या लाल मातीची गोणी आणून कुंड्या भरल्या तर सहा महिन्यांत वीट होते. नर्सरीवाले "रेडीमिक्स" म्हणून जे देतात त्यात बहुतेक वेळा कोकोपीटच जास्त असतं. हलकं म्हणून चांगलं, पण त्यात खत नगण्य असतं हे लक्षात ठेवा.

वजनाचाही विचार करा. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट सहज २०-२५ किलो भरते. अशा कुंड्या ग्रिलवर टांगणं किंवा कठड्यावर ठेवणं हा खालून जाणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. त्या जमिनीवर, भिंतीलगत, बीमच्या जवळ. गच्चीवर काही मांडायचं असेल तर कमिटीला लेखी विचारा. नुसतं तोंडी "हो" वॉटरप्रूफिंग करायच्या वेळी कोणाला आठवत नाही.

गणपतीनंतर एक प्रश्न ठरलेला असतो: बादलीत विसर्जन केलेली शाडूची माती कुंडीत टाकली तर चालेल का? शाडू फार बारीक आणि चिकट असतो, पाणी धरून बसतो. मूर्तीला गडद रंग दिलेला असेल तर नकोच. बिनरंगाची असेल तर एकूण मातीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी घाला. त्याहून चांगलं म्हणजे ती वाळवून ठेवा आणि पुढच्या वर्षी मूर्ती घडवणाऱ्याला द्या, कारण शाडू पुन्हा भिजवून वापरता येतो. निर्माल्यातली फुलं-पानं मात्र खुशाल खताच्या डब्यात टाका. दोरा, प्लास्टिकची जर आणि थर्माकोल आधी वेगळे करा.

कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही

पाऊस गेला की लोकांच्या अंगात कात्री येते. सगळ्यांचीच छाटणी करायची नसते.

गुलाब छाटायचा. हस्त सरल्यावर, दोन-तीन दिवस सलग कोरडे गेले की धारदार कात्री स्पिरिटने पुसून घ्या. वाळलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या आधी काढा. मग उरलेल्या साधारण एक तृतीयांश कमी करा, प्रत्येक वेळी बाहेर तोंड करून असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे फांदीवरच्या कोंबाच्या, थोडंसं वर तिरका काप द्या. गावठी गुलाबाला एवढं कापू नका, त्याचे शेंडे खुडले तरी पुरे. छाटणीपासून फूल यायला ४५ ते ५० दिवस लागतात, म्हणून १२ ऑक्टोबरला छाटलेला गुलाब नोव्हेंबरअखेर बहरतो. दिवाळीच्या पूजेला घरचाच गुलाब हवा असा हट्ट असेल तर छाटणी सप्टेंबरात करावी लागते, आणि तेव्हा पावसात फांद्या काळ्या पडण्याची भीती असते. तो धोका पत्करू नये, असं माझं मत.

जास्वंदीचे शेंडे हलके छाटा. कढीपत्ता कमरेइतका कापला तरी चालतो, बाजूने नव्या फांद्या फुटतात. कापलेली पानं शेजारी वाटून टाका. एका कढीपत्त्यावर अख्खा मजला आठवडाभर फोडण्या देतो.

शेवंतीला आता हात लावू नका. तिच्या कळ्या रात्री मोठ्या होऊ लागल्या की धरतात, आणि ते काम एव्हाना सुरू झालेलं असतं. यातली एक गंमत कट्ट्यावर दर वर्षी वादाचा विषय होते. एकीची शेवंती फुलते, शेजारणीची नुसती हिरवी राहते, आणि दोघी खतावरून बोलत बसतात. दोष बहुतेक वेळा पॅसेजच्या दिव्याचा असतो. शेवंतीला रात्री सलग काळोख लागतो. रात्रभर ट्यूबलाइटचा उजेड पडत असेल तर तिला दिवस संपलाय हेच कळत नाही. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. दिवाळीच्या माळाही तिच्यावर सोडू नका.

प्राजक्त फुलावर आहे, त्याला सोडा. बहर संपला की छाटा. मोगऱ्याला अजून दोन-अडीच महिने थांबायचंय. अडेनियमलाही आता कापायचं नाही, फक्त त्याचं पाणी हळूहळू कमी करत न्या.

तुळशीच्या मंजिऱ्या खुडा. मंजिरी पिकली की झाडाची ताकद बियांत जाते आणि फांद्या लाकडासारख्या होतात. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळून बी वेगळं करा, एका पसरट कुंडीत वरवर भुरभुरवा, मातीने जेमतेम झाका. तुळशीच्या लग्नासाठी घरची जुनी तुळस वाळलेली असते आणि ऐन वेळी बाजारात धावाधाव होते. आता पेरलेली रोपं तोपर्यंत बोटभर तरी होतात, आणि उरलेली वाटायला उपयोगी पडतात.

ऑक्टोबरमधलं पाणी

दुपारी पारा ३४-३५ अंशांवर असतो आणि चार महिने पाण्याची सवय झालेली मुळं अजून वरवरच असतात. म्हणून या महिन्यात झाडं उन्हाळ्यापेक्षा लवकर कोमेजतात. सकाळी आठच्या आत पाणी द्या. बोटाचं दुसरं पेर मातीत घालून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. "रोज एक मग" हा नियम कुठल्याच झाडाला लागू पडत नाही. दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप उभी राहिली तर झाडाला तहान नाही, फक्त ऊन सोसत नाही. तेव्हा घाबरून ओतलेल्या पाण्याने मुळं कुजतात.

सोसायटीतल्या झाडलोटीत निघणारा सुका पाला माळीदादांकडून मागून घ्या आणि प्रत्येक कुंडीत दोन इंच जाडीचा थर द्या. वाफ अडते, माती तडकत नाही. पश्चिमेच्या बाल्कनीला नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत ५० टक्के सावलीची हिरवी जाळी लावा आणि नंतर ती न विसरता काढा.

एसीचं पाणी झाडांना चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र नेहमी देऊ नका, क्षार साठून कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात आणि पानांची टोकं जळतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी उत्तम, पण त्याच दिवशी वापरायचं. आंबलं की वास येतो आणि चिलटं होतात.

कुंडीखालच्या ताटल्यांकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. पावसानंतरचे हे महिने डेंग्यूचे. एडिस डासाला अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि त्याची अंडी ताटलीच्या कोरड्या कडेला महिनोन्महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा ताटली घासणीने घासा. पालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात तेव्हा दार उघडून बाल्कनी दाखवा. "आमच्याकडे काही नाही" म्हणणाऱ्याच घरात मनीप्लांटच्या बाटलीत अळ्या सापडतात.

आणि खालच्या मजल्याचं काय? वरून ठिबकणाऱ्या मातकट पाण्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पार्किंगवरूनही होत नसतील. साधी तडजोड अशी: खाली कपडे वाळत असतील त्या वेळेत पाणी घालायचं नाही. एकदा दार वाजवून वेळ विचारून घ्या. "वहिनी, तुमचे कपडे किती वाजता काढता?" एवढ्या एका वाक्यावर पुढची दोन वर्षं शांतता टिकते, शिवाय जाताना थोडी पुदिन्याची जुडी नेली तर उत्तमच.

पेरणी: पंखा कमी झाला की

घटस्थापनेला घटाभोवती जे धान्य पेरतात त्याचा एक व्यवहारी उपयोग आहे. जुनं बी रुजतंय की नाही हे त्यातून कळतं. तुमच्या डब्यातल्या बियांचीही तशीच परीक्षा घ्या. दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ रुजले तर बी चांगलं. चारच रुजले तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर टाकून द्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काय पेरता येईल? लाल माठ आणि मुळा. माठाला उकाडा आवडतोच, मुळा चार-पाच दिवसांत वर येतो. गड्डा झाला नाही तरी पाल्याची भाजी होते. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी याच वेळी ट्रेमध्ये टाका, ट्रे सावलीत ठेवा, परतीच्या पावसाची सर आली की आत घ्या. विजांसह येणारी ती संध्याकाळची सर पाऊण तासात अख्खा ट्रे धुऊन नेते. चार-पाच पानं आली, म्हणजे साधारण २५ दिवस झाले, की रोपं कुंडीत हलवा. एका कुंडीत एकच. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि रोप फेकवत नाही म्हणून कोणी पाळत नाही. जास्तीची रोपं वाटा.

मेथी वाळूत करून बघा. समुद्रकाठच्या वाळूत पिकवलेली बारीक मेथी आपल्याकडे जुड्या बांधून विकायला येते, ती अशीच असते. पसरट ट्रेमध्ये दोन-तीन इंच धुतलेली नदीची वाळू, त्यावर रात्रभर भिजवलेली मेथी दाटीने पसरायची, वर वाळूचा पातळ थर. तीन-चार दिवसांत कोंब, दोन आठवड्यांत मुळासकट उपटून भाजी. खत लागत नाही. ज्यांना एका हंगामात काहीतरी नक्की जमायला हवंय त्यांनी इथूनच सुरुवात करावी.

पालकाला थोडा गारवा हवा, आणि कोथिंबिरीला तर हवाच. उकाड्यात धने रुजत नाहीत, रुजलेच तर चार पानांवरच तुरा काढतात. कधी पेरायचं याची माझी खूण घरातलीच आहे: पहाटे झोपेत उठून कोणीतरी पंख्याचा वेग कमी केला, तेही सलग आठवडाभर, की धने भिजवायचे. ठाण्यात हे बहुतेक वेळा नोव्हेंबरच्या मध्यावर घडतं. बाहेरची खूण हवी असेल तर सातवीण आहे. तिचे हिरवट पांढरे तुरे ऑक्टोबर-नोव्हेंबरात उमलतात आणि संध्याकाळी रस्ताभर तो दाट वास पसरतो. निम्म्या सोसायटीला तो आवडतो, उरलेल्या निम्म्यांचं डोकं दुखतं. वास ओसरू लागला की कोथिंबिरीचे दिवस.

धने आख्खे पेरू नका. लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, अर्धा इंच खोल पेरा, वर ओलं फडकं टाका. आठ ते बारा दिवस लागतात. सहाव्या दिवशी माती उकरून बघायचा मोह होतो, तो टाळा. सगळी बी एकदम टाकू नका. दर दहा दिवसांनी एकेक ओळ पेरली तर फेब्रुवारीपर्यंत घरची कोथिंबीर मिळत राहते.

कडवे वाल हा आपल्या भागाचा खास हिवाळी पाहुणा. रायगड-ठाण्यात भातकापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवरच ते घेतात. त्यामुळे त्यांना पाण्याचे लाड नको असतात. बिरड्यासाठी आणलेल्या वालांतलेच ताजे, न किडलेले दाणे नोव्हेंबरात खोल कुंडीत पेरा, उगवल्यावर पाणी कमी द्या. एका कुंडीत बिरड्याएवढं पीक येणार नाही. फुलं मात्र सुंदर येतात, आणि मुलांना शेंग लागताना बघता येते.

झेंडूसाठी दसऱ्याचं तोरण टाकू नका. वाळलेल्या फुलांच्या तळाशी काळ्या-पांढऱ्या काड्यांसारखं बी असतं. बाजारातली बरीच फुलं संकरित असल्याने कधी बी पोकळ निघतं, कधी रोप वेगळ्याच रंगाचं फूल देतं. तरी मजल्यावरची सगळी तोरणं एकत्र केली तर पुरेसं बी मिळतं. पेरल्यापासून फूल यायला दोन महिने धरा.

आपट्याची पानं हवीत म्हणून येऊरला जाऊन फांद्या मोडणारे दर वर्षी असतात. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून पान तोडणं गुन्हा आहे. शिवाय घरी येतं ते निम्म्या वेळा कांचनाचं पान. आपट्याचं पान लहान, जाडसर, लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. सोसायटीच्या आवारात आपट्याचं एक रोप लावून घ्या, देशी झाडांच्या नर्सरीत मिळतं.

अळी दिसली की थांबा

लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला आणि तो हलला, तर ती फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की हिरवीगार होते आणि बघता बघता फांदी बोडकी करते. लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉरमॉन आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉरमॉन, यांच्या अळ्या लिंबाच्या कुळातली पानं खातात. कढीपत्ता पुन्हा फुटतो, त्यामुळे मारू नका. रोप अगदीच लहान असेल तर अळ्या उचलून सोसायटीतल्या मोठ्या झाडावर ठेवा. फुलपाखरं बघायची असतील तर घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत याच दिवसांत मुलांना घेऊन जा.

पिठ्या ढेकणाची मात्र दया नको. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला की आधी मुंग्या शोधा, कारण त्याच त्याला इकडून तिकडे नेतात. थोडाच असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. जास्त असेल तर शेंडा कापून पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात नाही, ओल्यातही नाही, थेट कचऱ्याच्या गाडीत द्या. मग एक लिटर पाण्यात आधी थोडा द्रवरूप साबण आणि त्यात पाच मिलिलिटर नीमतेल घुसळून संध्याकाळी फवारा. आठवड्याने पुन्हा. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची दिसतात, मागे बारीक जाळं असतं. पानांच्या मागच्या बाजूवर रोज पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो आटोक्यात येतो. तळमजल्यावरच्या अंगणात माती उकरताना साबुदाण्यासारखी अंडी सापडली तर ती आफ्रिकी गोगलगायीची. हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्यात टाका. कुंडीत मीठ टाकू नका, गोगलगायीबरोबर झाडही जाईल.

देवाणघेवाण आणि दिवाळीची सुट्टी

कोजागिरीला सगळे गच्चीवर दुधाला जमतातच. तीच संध्याकाळ रोपांच्या अदलाबदलीला धरा. प्रत्येकाने एक कलम, एक पुडी बी किंवा मूठभर गांडूळखत आणायचं. चिकटपट्टीवर नाव आणि ऊन किती लागतं एवढं लिहायचं. परक्या घरून आलेलं रोप दहा-बारा दिवस आपल्या झाडांपासून लांब ठेवा, पानांच्या मागे रोज बघा. पिठ्या ढेकूण सोसायटीत असाच, प्रेमाने पसरतो. आवारातल्या झाडाची फांदी न विचारता तोडायची नाही, आणि दुसऱ्याच्या कुंडीतलं कलम तर नाहीच. "चोरून आणलेलं रोप चांगलं लागतं" हे म्हणणाऱ्याच्या घरचा जेड एकदा नेऊन बघा, मत बदलतं की नाही.

दिवाळीत निम्मी इमारत गावी जाते. झाडं सांभाळायला देताना "थोडं पाणी घाला हं" असं सांगू नका. थोडं म्हणजे काय हे कोणालाच ठाऊक नसतं. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या उन्हातून काढून एका ठिकाणी जवळजवळ मांडा, म्हणजे शेजाऱ्याला एकच जागा बघावी लागते. रोजच्या पाण्याच्या कुंडीला लाल रिबन, दिवसाआड पाण्याच्या कुंडीला पिवळी; अडेनियम, जेड, कोरफड यांना काही नाही, म्हणजे हात लावायचा नाही. किल्ली देता येत नसेल तर बादलीभर पाणी कुंड्यांपेक्षा उंच ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं मातीत चार इंच खोल पुरा. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, नाहीतर पाणी चढत नाही. बादलीवर झाकण किंवा जाळी बांधा, पुन्हा तेच डासांचं कारण. चार-पाच मध्यम कुंड्या यावर आठवडा काढतात. निघायच्या आधी दोन दिवस हा प्रयोग घरी असतानाच करून बघा.

परत आल्यावर फटाक्यांची काजळी पानांवर बसलेली असते. साध्या पाण्याने पानं दोन्ही बाजूंनी धुऊन टाका, मग खत. आणि शेजाऱ्याकडे फराळाचा डबा पोचवताना आपल्या कुंड्यांबद्दल त्यांनी काय काय पाहिलं तेही विचारून घ्या: कोणती रोज सुकत होती, कोणतीला पाणीच लागलं नाही. पुढच्या ऑक्टोबरात कोणती कुंडी कुठे ठेवायची ते त्यावरून ठरवता येतं.